दोन ओव्हरचा बोलर दिवसभर टाकू शकतो का?

हेडफोन लावलेत ना? आज क्रिकेटवर बोलायचंय, पण सुरुवात बेसबॉलने.

बेसबॉलमध्ये बॉल टाकणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक स्टार्टर. तो मॅच सुरू करतो, नऊपैकी पाच-सहा इनिंग खेचतो, नव्वदेक बॉल टाकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती. म्हणून टीममध्ये साधारण पाच स्टार्टर आळीपाळीने खेळतात. दुसरा रिलीव्हर. तो मॅचच्या मधे किंवा शेवटी येतो, बहुतेक वेळा एकच इनिंग टाकतो, पंधरा-वीस बॉल. सगळी ताकद लावायची, निघून जायचं.

आता मजा बघा. कधीकधी रिलीव्हरला सांगतात, उद्यापासून तू स्टार्टर. क्रिस सेल हे मोठं नाव. शिकागो व्हाइट सॉक्समध्ये आधी रिलीव्हर होता, २०१२ पासून स्टार्टर झाला. २०२४ मध्ये त्याने साय यंग अवॉर्ड जिंकला, म्हणजे त्या लीगचा सर्वोत्तम पिचर.

तुम्ही म्हणाल, आपल्या कळंबचा याच्याशी काय संबंध? आहे ना! भातकापणी झाली की आपल्याकडे टेनिस बॉलच्या टुर्नामेंट सुरू होतात. मॅच छोटी, एका बोलरला एक किंवा दोन ओव्हर. प्रत्येक टीममध्ये एक पोरगा असतोच, शेवटच्या ओव्हरचा. यॉर्कर, स्लोअर, खल्लास. हा आपला रिलीव्हर. मग कोणीतरी त्याला म्हणतं, लेदरवर ये, क्लबकडून नवा बॉल टाक. नेरळहून लोकल पकडायची, दिवसभर उन्हात पंधरा ओव्हर टाकायच्या. जावं की न जावं?

इथे रवी शास्त्रीची गोष्ट ऐका. तुम्हाला तो कॉमेंट्रीवाला म्हणून माहितीये. फेब्रुवारी १९८१, न्यूझीलंडचा दौरा. दिलीप दोशी जखमी झाले आणि मुंबईच्या या १८ वर्षांच्या डावखुऱ्या स्पिनरला बोलावून घेतलं. वेलिंग्टनच्या टेस्टमध्ये त्याने सहा विकेट काढल्या. बॅटिंगला नंबर दहावा! म्हणजे बॅट्समन म्हणून काम काय, तर शेवटी येऊन थोडा वेळ उभं राहायचं.

दोन वर्षांत हाच माणूस ओपनिंगला. १९८२-८३ चा पाकिस्तान दौरा आठवतो का घरातल्या मोठ्यांना? इमरान खानने त्या सिरीजमध्ये ४० विकेट घेतल्या, आपण ०-३ हरलो. त्याच सिरीजच्या शेवटच्या, कराचीच्या टेस्टमध्ये शास्त्रीने ओपनिंगला येऊन १२८ केले. पुढे १९९० मध्ये ओव्हलवर १८७. जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला २०६, नऊ तासांहून जास्त वेळ खेळून. ऑस्ट्रेलियात डबल सेंच्युरी मारणारा तो पहिला भारतीय.

त्याच्याकडे गावसकरचं तंत्र नव्हतं. शॉटही मोजकेच. पॅडवरचा बॉल लेगला ढकलायचा, त्याला लोक चपाती शॉट म्हणायचे. पण दहाव्या नंबरवर जे चाललं असतं, ते ओपनिंगला चालणार नाही हे त्याला कळलं. त्याने बॉल सोडायला शिकून घेतलं. मला वाटतं सगळी गंमत इथे आहे. काम लांबलं की नवीन गोष्ट शिकावी लागते, आणि आवडती एखादी गोष्ट कमीही करावी लागते.

बोलरचंही तेच. पहिली गोष्ट, अस्त्रं. सहा बॉलसाठी दोन पुरतात. पण तोच बॅट्समन तुम्हाला तिसऱ्या स्पेलमध्ये भेटला की त्याला तुमचा हात पाठ झालेला असतो. बेसबॉलमध्ये स्टार्टरची खरी परीक्षा हीच, तोच बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की. तिथे तिसरं अस्त्र लागतं.

दुसरी, ताकद. प्रत्येक बॉल जीव तोडून टाकलात तर पाचव्या ओव्हरला खांदा बोलायला लागेल. थोडी मागे ठेवून टाकायला शिकायचं. आणि लक्षात घ्या, लेदरचा बॉल साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा. टेनिसवरून थेट पंधरा ओव्हरवर उडी नको. आठवड्या-आठवड्याने वाढवा. कुठे दुखलं तर थांबा, बाम चोळून रेटू नका.

तिसरी, मार खाणं. शेवटच्या ओव्हरला दोन सिक्स बसल्या तर मॅच संपते, घरी जाता येतं. लांबच्या स्पेलमध्ये मार खाऊनही पुढची ओव्हर तुम्हालाच टाकायची असते.

आणि एक स्पष्ट सांगतो. हे प्रमोशन नाही, दुसरं काम आहे. शेवटची ओव्हर टाकणारा कमी दर्जाचा नसतो, टी-ट्वेंटीत त्याच्यासाठी टीम शोधत फिरतात. त्यामुळे नाही म्हटलंत तरी मान खाली घालायचं कारण नाही. पण 'आपण गावचे, आपल्याला तेवढंच जमतं' म्हणून नाही म्हणत असाल, तर नंबर दहावरचा तो १८ वर्षांचा पोरगा आठवा. एक सीझन देऊन बघा, मग ठरवा.

तुमच्या टीममध्ये असा कोणी आहे? हा एपिसोड त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. चला, येतो!