खोडदच्या दुर्बिणीची सामाईक स्मृती

सामाईक साठा म्हणजे काय, हे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. आंबेगावातील डिंभे धरणाचे पाणी डाव्या कालव्याने जुन्नरच्या येडगाव जलाशयात येते. माणिकडोहाचेही तेथेच उतरते. आणि येडगावाहून ते पुढील तालुक्यांस जाते. साठा एक, भरणारे व घेणारे अनेक. आवर्तनाचा नियम मोडला की तंटा ठरलेलाच.

याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडद येथे, असाच एक साठा आहे. मात्र तो पाण्याचा नसून संकेतांचा आहे. कै. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत पसरलेल्या आहेत. प्रत्येक थाळीचे दोन संकेत काचतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात. ४०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदास ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. म्हणजे साठ संकेतांचे मिळून ४८०० कोटी. आकाशाचे चित्र काढावयाचे तर ३० थाळ्यांच्या ४३५ जोड्या ताडून पाहाव्या लागतात. हे काम एका संगणकाचे नव्हे. ते अनेकांनी वाटून घ्यावे लागते.

ही माहिती संगणकाच्या दाराशी ज्या भागातून आत येते, त्यास नेटवर्क कार्ड म्हणतात. त्याच्या कामाच्या पद्धती मुख्यतः तीन. पहिलीत कार्ड आलेला मजकूर कारकुनाप्रमाणे संगणकाच्या मूळ व्यवस्थेच्या हाती देते व ती त्याची नक्कल करून कार्यक्रमास देते. यात वेळ जातो. दुसरीत कार्ड थेट सामाईक स्मृतीच्या ठराविक कप्प्यात लिहिते आणि हिशेब करणारा कार्यक्रम तेथूनच वाचतो; मधली नक्कल वाचते. तिसरीत एका संगणकाचे कार्ड दुसऱ्या संगणकाच्या स्मृतीत, तेथील प्रक्रियकास तसदी न देता, लिहू शकते. इन्फिनिबँड नावाच्या जोडणीत ही सोय असते.

या स्मृतीचा आणखी एक उपयोग आहे. एकाच ताऱ्याची लहर सर्व थाळ्यांस एकाच क्षणी भेटत नाही. २५ किलोमीटर अंतर तोडावयास प्रकाशास सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्यात सहासष्ट हजारांहून अधिक नमुने होऊन जातात. म्हणून एका थाळीचे नमुने स्मृतीतील अलीकडच्या कप्प्यातून व दुसरीचे मागच्या कप्प्यातून वाचून त्यांचा मेळ घातला जातो. साठाच नसता तर मेळ घालावयाचा कशात?

परंतु कप्पे मोजकेच. शेवटचा भरला की लेखणी पुन्हा पहिल्याकडे वळते. वाचणारा मागे पडला, तर दोनच मार्ग उरतात: लिहिणाऱ्याने थांबावे, किंवा न वाचलेल्यावर नवे लिहावे. पतपेढीच्या हिशेबात थांबणे चालेल; ग्राहक जरा वेळ उभा राहील. आकाश मात्र उभे राहात नाही. आज दुर्लक्षिलेला स्पंदक ताऱ्याचा ठोका उद्या परत मागता येत नाही. म्हणून येथे वाचणाऱ्याचा वेग लिहिणाऱ्याहून थोडा अधिकच ठेवावा लागतो.

आणि तरीही नमुने हरवले तर? हरवणे हा खरा अनर्थ नव्हे. ते न कळणे हा अनर्थ होय. कप्प्यात जुनेच नमुने राहिले आणि हिशेबाने ते नवे म्हणून घेतले, तर चित्र अपुरे राहणार नाही, ते खोटे होईल. आणि खोटेपणा चित्रावरून ओळखूही येणार नाही. म्हणून अशा यंत्रणांत माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर क्रमांक घालण्याचा प्रघात आहे. क्रमांक तुटला की तेवढा भाग रिकामा मानून गाळता येतो.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेर, खोडद येथे विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे. मुलांना घेऊन आपण गेलात, तर थाळ्यांचा आकार पाहून नवल वाटेलच. पण तेथील जाणत्यांना एक प्रश्न अवश्य विचारा: ‘‘आपले काही हरवले, तर ते आपणांस कळते कसे?’’ त्या उत्तरात, माझ्या मते, या शास्त्राची अर्धी प्रामाणिकता सामावलेली आहे.