मुलांच्या खाण्याला वळण लावा



ऊस लावताना आपण बेणं पारखून घेतो, सुरुवातीला तण वाढू देत नाही. पहिल्या काही महिन्यांत खुंटलेला ऊस पुढं कितीही खत टाकलं तरी नीट भरत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मुलांचंही तसंच आहे. पहिल्या पाच वर्षांत जिभेला जे वळण लागतं, ते पुढं मोडणं अवघड जातं.

इचलकरंजीच्या आसपासच्या गावांत सकाळची गडबड काय सांगावी! कुणाला भांगलायला जायचं, कुणाला मागावर पाळीला. पोर रडलं की हातात चहा-बटर, नाहीतर दुकानातला पुडा. पोर गप्प होतं, पण भूक मरते आणि दुपारी भाकरी पुढं केली की तोंड फिरवतं. मग आपण म्हणतो, ‘आमचं पोरगं काही खातच नाही.’

याचा परिणाम अंगावर दिसतो. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे 69 मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पाच वर्षांखालची शंभरात 35 मुलं वयाच्या मानानं बुटकी होती. एवढा आकडा म्हणजे ही गोष्ट फक्त गरिबाघरची नव्हे. तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

1. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. नंतर अंगावरचं दूध चालू ठेवून वरणात कालवलेला मऊ भात, नाचणीची पेज, आमटीत कुस्करलेली भाकरी द्या. ऊस आपला, गूळ आपला. तरीही दोन वर्षांपर्यंत मुलाच्या खाण्यात वरून साखर-गूळ घालू नका.

2. लहान मुलांना चहा देऊच नका. चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उलट मेथी, चवळी, हरभऱ्याच्या पाल्याच्या भाजीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त लागू पडतं.

3. खाण्याच्या वेळा ठरवा. मधल्या वेळेला पुड्याऐवजी केळ, पेरू किंवा उकडलेलं अंडं द्या. शेंगदाणे चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून भाजीत किंवा भाकरीबरोबर द्या.

4. मुलाचं ताट वेगळं वाढा, थोडं वाढा, हातानं खाऊ द्या. सांडलं तर सांडू दे. दामटून भरवू नका, मोबाईल दाखवून तर नकोच. नवी भाजी एकदा नाकारली म्हणून सोडू नका. आठ-दहा वेळा घासभर पुढं केली की बहुतेक मुलं खायला लागतात. ‘भाजी खा, मग गोळी देतो’ असं म्हटलं की भाजी ही शिक्षा आणि गोळी हे बक्षीस, असंच पोर शिकतं.

5. सगळंच दूध डेअरीला घालू नका. पोराच्या वाटणीचं आधी बाजूला काढा. बिल थोडं कमी येईल, पण तो पैसा वाया गेलेला नसतो.

6. जेवणाआधी साबणानं हात धुण्याची सवय लावा, पाणी उकळून द्या. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची केवढी साथ पसरली, हे पुष्कळांना आठवत असेल.

7. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्या. वजन वाढत नसेल तर अंगणवाडीताईंना विचारा, गरज वाटल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

शेवटी एक गोष्ट घरातल्या कर्त्या पुरुषांना. मुलाचं खाणं हे बाईमाणसाचं काम म्हणून सोडून देऊ नका. पोर ऐकून शिकत नाही, बघून शिकतं. बापच ताटातला शेपू बाजूला सारत असेल, तर पोरानं तो का खावा? आजी-आजोबांनीही खाऊचा पुडा आणण्याऐवजी नातवाला मळ्यात न्यावं, त्याच्या हातानं काकडी तोडायला लावावी आणि धुऊन खायला द्यावी.

आज रात्रीच पोराला शेजारी घेऊन जेवायला बसा.