पडशाचें दुसरें रूप

गोंदिया जिल्ह्यांतील चोरखमारा म्हटलें कीं तलाव आणि नागझिऱ्याचें अरण्य डोळ्यांपुढें येतें. अशा गांवीं धानकापणीच्या दिवसांत एखाद्या साठीच्या शेतकऱ्यास पडसें झालें, तर तो काढा घेऊन खळ्यावर जातो. औषध घेतल्यास पडसें सात दिवसांत जातें, न घेतल्यास आठवड्यांत, अशी थट्टा आहेच. आणि बहुधा ती खरीही ठरते. परंतु चौथ्या दिवशीं दम लागला, तर तिरोडा किंवा गोंदिया गांठावें लागतें. तोंपर्यंत रोगाचें नांव पालटलेलें असतें : दमा बळावला, हृदय थकलें, न्यूमोनिया झाला. मुळांतील विषाणू मागें दडून राहतो.

१९१८ सालीं याची दारुण प्रचीति आली. १० जून रोजीं मुंबईंत पोलिसदलाचे सात शिपाई तापानें रुग्णालयांत दाखल झाले; त्यांतील एक गोदीवर पहाऱ्यास होता. ताप हिंवतापाचा नव्हे, एवढेंच तेव्हां कळलें. शरदांतील दुसरी लाट फार भयंकर निघाली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईंत ७६८ मृत्यू नोंदले गेले. आगगाडीच्या वाटेनें साथ आंत शिरली, आणि ज्या मध्यप्रांतांत चोरखमारा तेव्हां मोडत असे, तो सर्वाधिक पोळलेल्या प्रांतांपैकीं एक ठरला. मेले ते विशेषेंकरून वीस ते चाळीस वयाचे, ऐन कर्ते स्त्रीपुरुष. इन्फ्लुएन्झानें श्वासनलिकेचें अस्तर खरवडलें, आणि त्या उघड्या दारानें आंत आलेल्या जंतूंनीं पुष्कळांचा प्राण घेतला. माणसांतील हा विषाणू हातीं लागला तो १९३३ सालीं.

आतां नाकाघशांतील स्राव तपासून कांहीं तासांत इन्फ्लुएन्झा, कोरोना किंवा आर.एस.व्ही. ओळखतां येतो. हा शेवटचा विषाणू दीर्घकाळ तान्ह्या मुलांचाच मानला गेला. वृद्धांनाही तो खाटेवर पाडतो. इन्फ्लुएन्झानंतरच्या पहिल्या आठवड्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कैक पटींनीं वाढतो. पेनिसिलिन विषाणूस मारीत नाहीं, मागून आलेल्या जंतूंस मारतें. ऑसेल्टामिवीर इन्फ्लुएन्झावर चालतें, पण पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत दिल्यास अधिक.

आणि येथेंच घोटाळा होतो. डॉक्टर विचारतात, "दुखणें केव्हांपासून?" मुलगा सांगतो, "कालपासून." आधींच्या चार दिवसांचें पडसें तो दुखण्यांत धरीतच नाहीं. कागदावर 'दमा' लिहिलें जातें, आणि खोकणारा शेतकरी दोन हृदयरोग्यांच्या मधल्या खाटेवर निजतो.