रेशमी साडी आणि रिठ्याचं पाणी

लगीनसराई सरली की प्रत्येक घरातून एक गठुडं निघतं. त्यात शालू, पैठणी, नवऱ्याचा कोट. साताऱ्याला नाहीतर सांगलीला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती ते द्यायचं, 'ड्रायक्लीन करून आण' म्हणायचं.

नाव ड्राय, पण तिथं कोरडं काहीच नसतं. पाण्याच्या जागी रसायन असतं, एवढंच. छोट्या दुकानांत बहुधा पेट्रोलच्या जातीचं टर्पेंटाइन, मोठ्या यंत्रांत पर्क नावाचं द्रावण. तेलातुपाचे डाग सुटतात आणि रेशीम आटत नाही, म्हणून ते वापरतात. पण पर्कच्या वाफेनं डोकं दुखतं, गरगरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत धरलंय. अमेरिकेनं डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत बंद करायचं ठरवलं. आपली साडी वर्षातून एकदा जाते. दुकानातला कामगार मात्र रोज त्या वाफेत उभा असतो.

पैसे वाचवायला काही जणी घरीच पेट्रोलनं साडी पुसतात. हे कृपा करून बंद करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत पोचते. रेशीम चोळताना उडालेली ठिणगीसुद्धा पुरते.

मग करायचं काय? आपल्या आज्यांचा रिठा. रेशीम आणि लोकर म्हणजे केसांसारखेच धागे. सोड्यानं, कडक पावडरीनं ते खराब होतात. रिठ्याचा फेस सौम्य असतो. एका साडीला आठ-दहा रिठे घ्या, बिया काढा, साली रात्रभर भिजवा. सकाळी उकळून, कुस्करून फडक्यानं गाळा. थंड झाल्यावर अर्ध्या बादली गार पाण्यात मिसळा.

साडी बुडवण्याआधी पांढरं ओलं फडकं आतल्या टोकाला दाबून बघा. रंग लागला तर धुवू नका. फॉलही तपासा. बऱ्याचदा साडीचा नाही, फॉलचाच रंग जातो. फिकट रेशमावर रिठ्याची पिवळट झाक बसू शकते, म्हणून आधी कोपरा धुऊन बघा. साडी पाच-सात मिनिटं हलक्या हातानं खालीवर करा, दोन-तीन गार पाण्यांतून काढा. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा, सावलीत वाळवा. तेलाचा ताजा डाग असेल तर धुण्याआधी त्यावर टाल्कम पावडर रात्रभर राहू द्या, मग झटका.

सगळंच रिठ्यानं होत नाही. अस्तर-कॅनव्हासचा कोट, चिकटवलेल्या खड्यांची साडी दुकानातच द्या. तिथं 'वेट क्लीनिंग' होतं का विचारा. त्यात पाणी आणि सौम्य साबण यंत्रात बेतानं वापरतात. कपडा घरी आला की प्लास्टिक काढून दिवसभर वाऱ्यावर टांगा, मगच कपाटात ठेवा. आणि एकदाच नेसलेली साडी लगेच धुवायला कशाला हवी? माण, जतकडची घोंगडी वर्षानुवर्षं ऊन-वाऱ्यावरच टिकतात.

गटानं रेशमी साड्या धुऊन द्यायचं काम घ्यायचं असेल, तर पहिले दोन महिने फक्त स्वतःच्या साड्या धुवा. गिऱ्हाईकाची साडी घेताना आधीचे डाग, विरलेली जर तिच्यासमोरच वहीत लिहा आणि सही घ्या. रिठ्याचं पाणी पोरांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं. उरलेलं दोन-तीन दिवसांत आंबतं, म्हणून लागेल तेवढंच करा.