कायद्याच्या इंग्रजीचा अन्वय

मी मराठीत कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचे. इंग्रजी वर्तमानपत्र वाचता येते, म्हणजे करारही वाचता येईल, असा माझा समज होता. बारा वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने संग्रहाचा इंग्रजी करारनामा पुढे ठेवला आणि मी सही केली. त्यात ‘असाइन’ असा शब्द होता. मला शाळेतला गृहपाठ आठवला! पुढे त्यातल्याच चार कविता दुसरीकडे द्यायच्या म्हटल्या, तर उत्तर आले, ‘हक्क आमच्याकडे आहेत.’ असाइन म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावे करून देणे. लायसन्स म्हणजे वापरण्याची परवानगी. घर विकणे आणि भाड्याने देणे, एवढा हा फरक.

तोवर माझी लेक मराठी माध्यमातून शिकून कायद्याच्या वर्गात गेली होती. तालुक्याच्या कोर्टात मराठी चालते. उच्च न्यायालयात इंग्रजीवाचून गत्यंतर नाही. तीही धास्तावलेली. म्हणाली, “अब्बा, आपण दोघं मिळून वाचू या.” रोज रात्री अर्धा तास वाचले. त्यातून हाती लागले ते सांगतो.

पहिले म्हणजे, ओळखीच्या शब्दावर संशय घ्यावा. करारातले ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, मोबदला. दस्त ‘एक्झिक्यूट’ करणे म्हणजे सही करून तो पुरा करणे; फाशीशी त्याचा संबंध नाही. याचिकेच्या शेवटी ‘प्रेयर’ दिसले तेव्हा मला नमाज आठवली. ती निघाली कोर्टाकडे केलेली मागणी. वहीत असा शब्द एकटा लिहू नये, सबंध वाक्यासकट लिहावा.

दुसरे, लांब वाक्याचा अन्वय लावावा. शाळेत मोरोपंतांच्या आर्येचा लावायचो, तसाच. आधी कर्ता शोधावा, मग क्रियापद. ‘शॅल’ हे बहुधा बंधन, ‘मे’ ही बहुधा मुभा. ‘प्रोव्हायडेड दॅट’ आले की थांबावे. आधी सैल सोडलेली दोरी तिथे आवळलेली असते.

तिसरे, १८७२च्या करार कायद्यात अनेक कलमांखाली ‘ए’ आणि ‘बी’ यांच्या व्यवहारांची उदाहरणे आहेत. कलम वाचून ते उदाहरण मराठीत मोठ्याने सांगावे. दुसऱ्या दिवशी त्याच मराठीवरून इंग्रजी लिहून मुळाशी ताडून पाहावे. आपली चूक आपल्यालाच सापडते.

आणि परकेपणाची भीती नको. वकील, दावा, फिर्याद, जामीन हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि आपले झाले. इंग्रज वकील ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणतात. त्यातला एक शब्द घरचा, दुसरा लॅटिनमधून आलेला. आपले ‘कागदपत्र’ तसेच. कागद फारसीतला, पत्र संस्कृतातले.

एका रात्री लेकीने माझाच करार काढला. हक्क किती वर्षांसाठी दिले, हे त्यात कुठेच नव्हते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे एकोणिसावे कलम आम्ही अन्वय लावून वाचले. मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची ‘डीम्ड’, म्हणजे तशी मानली जाईल, असे त्यात होते. माझी पाच वर्षे केव्हाच उलटली होती. प्रकाशकाला पत्र लिहायला आम्ही त्याच रात्री बसलो. इंग्रजीत.