विवेकाला धर्माचा दाखला कशाला?

मंडळाच्या निमंत्रणासोबत एक विनंतीही होती. येत्या काही महिन्यांत बऱ्याच सभासदांच्या नागरिकत्वाच्या मुलाखती आहेत, तेव्हा अमेरिकेच्या घटनेवर बोलताना त्यांच्या उपयोगी पडेल असं काही सांगावं. म्हणून पहिल्या घटनादुरुस्तीचा इतिहास प्रस्तुत वक्त्याने बाजूला ठेवला. तो परीक्षेपुरता सर्वांनी वाचलेला असतोच. व्याख्यान सुरू झालं ते नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जातल्या एका प्रश्नापासून: कायद्याने गरज पडली, तर अमेरिकेसाठी शस्त्र हाती घ्याल का?

बहुतेक जण ‘हो’ लिहून पुढे जातात. पण ज्याचं मन खरोखर ‘नाही’ म्हणतं, त्याचं काय?

हंगेरीहून आलेल्या रोझिका श्विमर यांनी ‘नाही’ असं उत्तर दिलं. त्या युद्धविरोधी होत्या आणि नास्तिक होत्या. वयाची पन्नाशी जवळ आलेली. त्या काळात त्या वयाच्या स्त्रीला लढायला कोणीच पाठवलं नसतं. तरी १९२९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्व नाकारलं. न्यायमूर्ती होम्स यांनी भिन्नमत नोंदवलं, पण ते अल्पमतात होते. पुढे १९४६ मध्ये जिरुआर्ड खटल्यात न्यायालयाने हा दंडक मोडला. त्यातला अर्जदार कॅनडाचा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट होता. दार उघडलं, पण ते श्रद्धावंताच्या हातून.

श्रद्धा नसलेल्यासाठी ते उघडलं व्हिएतनामच्या काळात, सैन्यभरतीतून सूट मागणाऱ्यांच्या खटल्यांतून. डॅनिएल सीगरने भरतीच्या अर्जात ईश्वर आहे की नाही हा प्रश्न मोकळाच ठेवला आणि प्लेटो, ॲरिस्टॉटल, स्पिनोझा यांचे दाखले दिले. १९६५ मध्ये न्यायालयाने कसोटी घालून दिली: आस्तिकाच्या आयुष्यात ईश्वराला जी जागा असते, तीच जागा या माणसाच्या आयुष्यात त्याच्या श्रद्धेला आहे का? एलियट वेल्श आणखी पुढे गेला. ‘माझ्या धार्मिक शिकवणुकीमुळे’ एवढे शब्द त्याने छापील अर्जातून खोडून टाकले. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली होती. १९७० मध्ये ती रद्द झाली. न्यायमूर्ती ब्लॅक यांचं म्हणणं असं की, ‘धार्मिक’ या शब्दाची व्याप्ती किती मोठी आहे हे अर्जदारांना सहसा ठाऊक नसतं, म्हणून त्याने स्वतः धर्म नाकारला तरी तेवढ्यावर निर्णय करू नये.

हे वाचताना आनंद होतो, आणि दोनच वर्षांनी आलेला योडर खटला वाचला की तो ओसरतो. विस्कॉन्सिनमधल्या आमिश पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवलं नाही. प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. १९७२ मध्ये न्यायालयाने त्यांची बाजू घेतली. ते योग्यच असेल. पण सरन्यायाधीश बर्गर यांनी त्या निकालात मुद्दाम थोरोचं नाव घेतलं. वॉल्डन तळ्याकाठी एकटा राहिलेल्या थोरोची निवड तात्त्विक आणि वैयक्तिक होती, धार्मिक नव्हती. तशा निवडीला घटनेचं हे संरक्षण नाही, असं ते म्हणाले. ज्या थोरोच्या सविनय कायदेभंगाच्या निबंधाचं मोल गांधीजींनी उघड मान्य केलं, त्याचा विवेक इथे कमी ठरला! वेल्शने धर्माचा उल्लेख खोडला तरी तो धार्मिक, आणि थोरो मात्र नुसता विचारवंत. ही विसंगती न्यायमूर्ती डग्लस यांनी त्याच निकालात आपल्या अंशतः भिन्नमतात दाखवून दिली होती. ती आजही खटकते. माणूस आपल्या श्रद्धेपोटी किती सोसायला तयार आहे हे पाहावं, तिच्यामागे देऊळ किंवा चर्च आहे का हे नव्हे.

इथे एका काकूंनी विचारलं, शाकाहाराचं काय? प्रश्न विषयाबाहेर नेणारा होता, पण सोडवेना. कॅलिफोर्नियात एकाने गालगुंडाची लस कोंबडीच्या भ्रूणात वाढवलेली म्हणून नाकारली आणि व्हीगनपणा हा आपला धर्म असल्याचं सांगितलं. २००२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते मान्य केलं नाही. ब्रिटनच्या समानता कायद्यात मात्र धर्माच्या शेजारी ‘श्रद्धा’ वेगळी नोंदलेली आहे, म्हणून २०२० मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने नैतिक व्हीगनपणाला संरक्षण दिलं.

दुसरा प्रश्न भारताचा. कलम २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य धर्माच्या आधी लिहिलेलं आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा नेमका आधार घेतला. काही जणांना आपला कुठलाच धर्म नसल्याची नोंद राजपत्रात हवी होती. शासकीय मुद्रणालयाने नकार दिला. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की धर्म जाहीर करायला सरकार कोणालाही भाग पाडू शकत नाही आणि ‘धर्म नाही’ असं म्हणायचा प्रत्येकाला हक्क आहे. शाळेच्या प्रार्थनेत हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकालाही याच न्यायालयाने पुढे न्याय दिला. अडचण उरते ती कौटुंबिक कायद्याची. हिंदू विवाह कायदा मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी आणि ज्यू नसलेल्या जवळजवळ सगळ्यांना लागू होतो. नास्तिकही त्यातच मोजला जातो.

आता पुन्हा अर्जाकडे. नागरिकत्वाच्या कलमात परमेश्वराचा उल्लेख अजून तसाच आहे, पण सीगर-वेल्शनंतर नैतिक श्रद्धाही त्यात बसते. तरीही २०१३ मध्ये टेक्ससमधल्या एका ६४ वर्षांच्या ब्रिटिश नास्तिक महिलेकडे चर्चचं पत्र मागितलं गेलं. संघटनांनी आक्षेप घेतल्यावर तिचा अर्ज मंजूर झाला. म्हणून ज्यांचं मन खरंच नकार देतं, त्यांनी भीतीपोटी ‘हो’ लिहू नये. आपली श्रद्धा स्वतःच्या शब्दांत लिहून न्यावी आणि शस्त्र हाती घेण्याचं वचन वगळलेली शपथ मागावी. विरोध सर्वच युद्धांना असावा लागतो. एखाद्याच युद्धाला असलेला चालत नाही, हे १९७१ च्या जिलेट निकालाने ठरवलं आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या नागरी कामाचं वचन मात्र टाळता येत नाही. आणि शपथेच्या शेवटचं ईश्वराचं नाव कोणालाही वगळता येतं. त्यासाठी कारण किंवा पुरावा द्यावा लागत नाही.