दोन भाषांचे संचित
(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा संपादित मजकूर)



हैदराबादेत मराठी शाळा चालवणाऱ्यांना एक प्रश्न सतत विचारला जातो. ज्या शहराचे व्यवहार तेलुगू, दखनी, हिंदी आणि इंग्रजीत चालतात, तेथे मुलांवर मराठीचा भार कशासाठी? त्याचे उत्तर आपण आजवर अस्मितेच्या भाषेत दिले. आज याच शहरात झालेल्या एका वैद्यकीय संशोधनाच्या आधारे त्याचा विचार करू.

स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ म्हातारपणचा विसराळूपणा नव्हे. स्मरण, भाषा, निर्णयशक्ती आणि वर्तन यांचा ऱ्हास होत जाऊन माणूस रोजच्या व्यवहारात परावलंबी होतो, त्या अवस्थेचे ते नाव आहे. अल्झायमर हे तिचे सर्वांत मोठे कारण. रक्तवाहिन्यांचे विकार आणि मेंदूच्या पुढील भागाची झीज ही अन्य कारणे. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्ती या अवस्थेत असाव्यात, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील निझाम्स इन्स्टिट्यूटमधील ६४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. त्यांपैकी ३९१ जण दोन वा अधिक भाषा बोलणारे होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, एकभाषिकांच्या तुलनेत द्विभाषिकांमध्ये आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली.

त्यापूर्वी, २००७ मध्ये, कॅनडातील टोरांटो येथे असाच निष्कर्ष निघाला होता. परंतु तेथील द्विभाषिकांत स्थलांतरित पुष्कळ होते. त्यामुळे हा परिणाम भाषेचा की स्थलांतराचा, ही शंका उरली. हैदराबादेत द्विभाषिकता घराघरांत आणि बाजारात पिढ्यान्‌पिढ्या नांदते. शिवाय, हा फरक निरक्षर रुग्णांतही आढळला. म्हणजे हे श्रेय केवळ शालेय शिक्षणाचे नव्हते. दोहोंपेक्षा अधिक भाषांमुळे मात्र अधिक लाभ दिसला नाही.

असे का व्हावे? दोन भाषा जाणणाऱ्याच्या मेंदूत बोलताना दोन्ही जाग्या असतात. एकीला वाट देताना दुसरीला आवरावे लागते. हा व्यायाम जन्मभर चालतो आणि त्यातून मेंदूची राखीव शक्ती वाढते, असे मानले जाते. २०१६ मध्ये याच गटाने पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पक्षाघातानंतर बौद्धिक क्षमता शाबूत राहिलेले द्विभाषिकांत ४०.५ टक्के, तर एकभाषिकांत १९.६ टक्के होते.

येथे सावधगिरी हवी. दुसरी भाषा ही लस नव्हे. ती आजार टाळत नाही, फार तर लक्षणे लांबवते. निरोगी माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या काही अभ्यासांत हा लाभ स्पष्ट दिसलेला नाही, म्हणून तज्ज्ञांत मतभेद आहेत. रक्तदाब, मधुमेह, श्रवणदोष आणि धूम्रपान यांकडे लक्ष देणे तितकेच आवश्यक आहे.

या संशोधनाची दुसरी बाजू निदानाची आहे. परक्या भाषेतील चाचणीत माणूस अडखळला, तर तो विसरला की त्याला प्रश्नच कळला नाही, हे कसे ठरवावे? म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत चाचण्यांचा संच तयार झाला. या कार्यातही डॉ. अल्लादी यांचा सहभाग आहे.

पालकहो, आता घराकडे वळू. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि बालपणीची अधिक काळ टिकते. ज्या आजीची तेलुगू आणि हिंदी हरवेल, तिच्याशी नातवंडे कोणत्या भाषेत बोलणार? नातवाला मराठी येत नसेल, तर भरल्या घरातही ती एकाकी पडेल. त्या दिवशी आजीला औषधाइतकीच गरज तिची भाषा बोलणाऱ्या माणसाची असेल.

म्हणून घरात मराठी बोला आणि मुलांना तेलुगूही तितक्याच प्रेमाने शिकू द्या. दोहोंत स्पर्धा नाही. आणि घरातील वडीलधारे तोच प्रश्न वारंवार विचारू लागले, ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. सोबत त्यांची भाषा जाणणारे कुणीतरी असू द्या.